लॉजचं फुकटचं वायफाय

३ तारीख, सोमवार

नाही गं बाई, नाही जोडलं! बसस्टँडवरचं फुकटचं वायफाय बघून मी काय भाळणार आहे? भाळायचं वय होतं तेव्हा वायफाय नव्हतं.

हे मी सूनबाईला फोनवर म्हटलं, तर ती हसली नाही. ती हसतच नाही, म्हणून तर मी तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणते. बस सुटल्यापासून तिचे तीन फोन झाले. "आई, वायफाय आपोआप जोडायचं बटण बंद ठेवलंय ना? बँकेचं काम असलं की फोनचा स्वतःचा डेटाच वापरायचा. मध्येच एखादं पान उघडून नंबर मागितला, कोड मागितला, तर काही टाकायचं नाही. एका नावाची दोन वायफाय दिसली तर आधी काउंटरवर विचारायचं, एखादं खोटं असतं."

मी म्हटलं, "अगं, हे वायफाय आहे की जावई? एवढी चौकशी तर आम्ही तुझ्या नणंदेच्या लग्नात केली नव्हती."

"आई, दुकानाचं सगळं खातं त्या फोनमध्ये आहे."

आता खरंच आहे ते. सगळं खातं घेऊनच निघालेय मी. गादीला टाके घालायचं मशीन बघायला. आमचे हे गेल्यापासून गादीचं दुकान मी आणि धाकटी मिळून ओढतो. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. नवऱ्याने सोडली तेव्हा एक पिशवी घेऊन माझ्या दारात आली, ती आलीच. कापूस भरते ती, टाके घालते ती, कडा शिवते ती. गिऱ्हाइकाशी बडबड मी करते. ज्याला जे येतं ते त्याने करावं.

आत्ता आम्ही दोघी लॉजवर आहोत. काउंटरवरचा माणूस बोलताना दर वाक्याला जांभई देतो, मी त्याचं नाव जांभईराव ठेवलं. त्याने किल्ली दिली आणि तिच्याबरोबर एक घडी घातलेली चिठ्ठी. म्हणाला, "वायफायचा पासवर्ड. शेवटी आकडा असलेलं नाव दिसेल, ते आमचं. नुसतं लॉजच्या नावाचं दिसेल ते आमचं नाही. कुणी लावलंय कुणास ठाऊक. मालकाला दोनदा सांगितलं." मग जांभई. चिठ्ठी मी चष्म्याच्या डबीत टाकली.

खोलीतली गादी एका कडेने उसवलेली. मी म्हटलं चला, झोपू कशीबशी. पण धाकटीला फाटकी गादी दिसली की तिच्या हाताला खाज सुटते. पिशवीतून दाभण काढली आणि बसली शिवत. परक्याची गादी, फुकट! मी म्हटलं, "काउंटरवर बिल दे त्याचं." तर म्हणाली, "ताई, उसवलेलं बघवत नाही."

अशी ही आमची मुकी. बोलली तर एवढंच बोलते.


४ तारीख, मंगळवार

मशीन बघितलं. काय मशीन आहे! दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढं लांब, आणि सुया म्हणजे नुसती फौज. आपला कापूस आणि पट्ट्यापट्ट्याचं जाड कापड आम्ही घरूनच नेलं होतं. कारखानदाराने कापड लावलं, बटण दाबलं, आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत गादी टाके पडून बाहेर! धाकटीला त्या कामाला पूर्ण दिवस लागतो, आणि रात्री बोटं कोमट पाण्यात बुडवून बसते ती वेगळीच.

मी तिला पुढे ढकललं. "बघ, बघ तुझी सवत."

तिने गादीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. म्हणाली, "टाका सरळ आहे."

"मग?"

"काही नाही. कोपऱ्यात कापूस गोळा होईल. मशीनला कोपरा कळत नाही."

कारखानदार हसला. माणूस गमतीचा आहे, माझ्याशी त्याचं चांगलं जमलं. त्याने विचारलं, "या कोण? कामाला आहेत तुमच्याकडे?" मी म्हटलं, "ही आमचं जुनं मशीन. तेलपाणी लागत नाही, वीज लागत नाही, दोन वेळा जेवायला घातलं की चालतंय. मोडीत घेता का? नव्याच्या किमतीत काही कमी होईल."

कारखानदाराच्या नाकातून चहा यायचा बाकी राहिला. कामगारही हसले. धाकटीही हसली. म्हणजे दात दिसले.

इसार तिथेच फोनवरून दिला. अंगणात उभं राहून, वायफाय बंद, फोनचा डेटा चालू, इन्स्पेक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सगळं. फोनचा पडदा छातीशी धरला, कुणाला दिसू नये म्हणून. फक्त गुप्त आकडे मला तोंडाने म्हटल्याशिवाय टाकता येत नाहीत. शाळेत गुरुजी म्हणायचे, तोंडाने म्हणाल तर हाताला कळेल. पाढे तसेच शिकलो, अजून सगळे पाठ आहेत.

धाकटी म्हणाली, "ताई, हळू म्हण."

"कोण ऐकतंय? तू आणि भिंत."

उरलेले पैसे उद्या द्यायचे. मग मशीन गाडीत चढणार. संध्याकाळी धाकटी जेवली नाही. बसमधलं काहीतरी बाधलं असेल. मी तिच्या वाटचं खाल्लं, वाया कशाला घालवायचं.


५ तारीख, बुधवार

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

पैसे गेले. सगळे. दुकानाच्या खात्यात होतं नव्हतं ते सगळं.

सकाळी मी अंघोळीला गेले. या लॉजमध्ये बाथरूम पॅसेजच्या टोकाला आहे, आणि तिथे रांग. परत आले तेव्हा धाकटी खिडकीशी बसून गादीची दुसरी कड शिवत होती. परवाच शिवून झाली होती असं मला वाटलं होतं. फोन उशीखाली ठेवला होता तो उशीशेजारी होता. उचलला तर गरम. आणि त्यात बँकेचा मेसेज.

मेसेज वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग तो पुसला गेला. हाताला घाम होता, बोट घसरलं असेल.

मी खाटेवर बसले. धाकटी वर न बघता म्हणाली, "काय झालं ताई?"

मी म्हटलं, "खातं रिकामं झालं."

तिने दोरा दाताने तोडला. "कसं?"

"तुला काय वाटतं, कसं?"

ती सुईत दोरा ओवायला लागली. जिला अंधारात दोरा ओवता येतो, तिला आज तीनदा ओवता आला नाही.

सूनबाईला फोन केला. ती आधी ओरडली, मग रडली, मग इन्स्पेक्टर झाली. "आई, आधी बँकेला फोन करा. खातं गोठवा. मग सायबर हेल्पलाइनला तक्रार करा. पहिल्या काही तासांत तक्रार केली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. पैसे कुठे गेले तेही त्यांना दिसतं. लगेच करा!"

मी म्हटलं, "बॅटरी संपतेय."

"लॉजचं वायफाय जोडलंत ना? मी सांगितलं होतं ना तुम्हाला!"

मी गप्प राहिले. आपण गप्प राहिलं की समोरचा त्याला हवं ते उत्तर स्वतःच घेऊन जातो. गिऱ्हाईकही असंच करतं. कापूस नवा आहे का विचारलं की मी नुसती गादीवर थाप मारते.

कारखानदाराला कळवलं की थांबा. तो म्हणाला, "आठवडाभर थांबतो, मग दुसऱ्याला देतो. इसार परत मिळत नाही, बाई." काल नाकातून चहा काढणारा माणूस, आज आवाजात लोखंड.


५ तारीख, संध्याकाळ

लॉजचा मालक आला. सूनबाईने त्याला फोन करून झोडपलं होतं आणि इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलंही होतं, इथलं वायफाय जोडाल तर लुबाडले जाल. मालकाने सगळ्यांसमोर जांभईरावाला झापलं. "ते दुसरं नाव कुणाचं? तूच लावलंस का? किती मिळाले तुला?"

जांभईराव म्हणाला, "मालक, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं." मग माझ्याकडे बघून, "बाई, तुम्हीच सांगा. मी तुम्हाला नीट सांगितलं होतं की नाही, कुठलं आमचं ते?"

मी म्हटलं, "सांगितलं होतंस."

"मग तुम्ही कुठलं जोडलं?"

मालक म्हणाला, "म्हाताऱ्या बाईला काय कळतं त्यातलं!"

म्हातारी म्हटलेलं मी एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. आज घेतलं. धाकटी जिन्यात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. अशी तर ती कापसातली सरकी शोधताना बघते.

परक्याने लुटलं तर त्याला चोर म्हणता येतं. बोंब मारता येते, शिव्या देता येतात, पोलीस बोलवता येतो. पण ज्याच्या ताटात आपलं ताट ठेवून जेवलो त्याने... जाऊ दे. वायफायबद्दलच लिहितेय मी. दिसत नाही, वास नाही, हात लावता येत नाही, आणि घरात शिरून सगळं उपसून नेतं.


७ तारीख, शुक्रवार

घरी आलो. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. एरवी मी तिच्या खांद्यावर डोकं टाकून घोरते, आणि ती हात अवघडला तरी हलवत नाही. या खेपेला मी खिडकीच्या काचेवर डोकं ठेवलं. काच हाडाला लागत होती.

डोळे मिटले की सगळं तिचंच आठवत होतं. गावच्या शाळेत मी पाटी फोडली आणि छडी तिने खाल्ली. आमचे हे गेले त्या दिवशी सगळे येऊन रडून गेले, आणि ही कोपऱ्यात बसून यांची गादी उसवत होती. मी ओरडले तिच्यावर. तर म्हणाली, "ताई, तू या गादीवर झोपू शकणार नाहीस. नवी भरते." भरली. अजून तिच्यावर झोपते मी.

तीच ही. आणि तिनेच... नाही. वायफाय, वायफाय.


८ तारीख, शनिवार

आज बँकेत. सूनबाई मला हाताला धरून घेऊन गेली, जसं मी तिच्या नवऱ्याला पहिल्यांदा शाळेत नेलं होतं. धाकटीही आली. कुणी बोलावलं नव्हतं. दाराशी उभी राहिली, पिशवी पोटाशी धरून.

साहेब तरुण आहे. म्हणाला, "आजी, उशीर केलात, पण अजून होईल. एवढंच करा, लेखी तक्रार द्या, खाली सही करा. पैसे कुठल्या खात्यात गेले ते नावासकट काढतो. मग पोलीस बघून घेतील."

"नावासकट?"

"नावासकट, पत्त्यासकट."

मी मागे बघितलं नाही. पाठीला कळत होतं ती कुठे उभी आहे.

साहेबाने पेन दिलं. मी कागदावर टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. म्हटलं, "चालत नाहीये हो. शाई संपली वाटतं. सोमवारी येते."

सूनबाईने कपाळाला हात लावला. "आई! पैशांचा प्रश्न आहे की सहीचा?"

"माझी सही साध्या पेनाने येत नाही."

साहेब हसला. तो बिचारा हसला. सूनबाई रिक्षा बघायला पुढे गेली आणि आम्ही दोघी बँकेच्या पायरीवर राहिलो.

धाकटी म्हणाली, "का नाही केलीस?"

"पेन चालेना."

"माझ्याकडे होतं."

"तू दिलं नाहीस."

"तू मागितलं नाहीस."

एवढंच बोललो. रिक्षा आली. मला वाटलं होतं ती आता बोलेल. पायरीवर रडेल, माझा हात धरेल. तोंड उघडलंही होतं तिने. पण मला तेवढ्यात काय झालं कुणास ठाऊक, मी चेष्टा केली. म्हटलं, "तुझ्या खात्यातून उसने देतेस का? तुझ्याकडे तर ढीग असेल."

मागच्या वर्षी सूनबाईने तिला बँकेत खातं काढून दिलं तेव्हाही मी म्हटलं होतं, "त्यात काय ठेवणार, कापूस?" सगळे हसलो होतो. घरच्या माणसाला पगार कसला? खाणं, पिणं, राहणं, सगळं आहे. आजपर्यंत तिने कधी मागितलं नाही, म्हणजे नको असणार.

तिने तोंड मिटलं. पांढरी झाली, पिंजलेल्या कापसासारखी.


१० तारीख, सोमवार

बँकेत गेले नाही. पाय दुखतोय.

दुकानात काम बंद नाही. धाकटी सकाळपासून गादी भरतेय. पूर्वी ती काम करताना मी समोर बसून तिची नक्कल करायचे, दाभण ओढताना तिची जीभ बाहेर येते ती. ती हसायची नाही, पण कान लाल व्हायचे. आज मी नक्कल केली नाही. दुकानात दाभणीचा आवाज येत होता, कापडात घुसते तेव्हा टक् आणि दोरा ओढताना सर्र. इतकी वर्षं इथे बसते, हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मीच बोलत असायचे.

फोनमधला बँकेचा गुप्त आकडा बदलला मी. सूनबाई म्हणाली, "आधीच बदलायला हवा होता." नवा आकडा टाकताना ओठ घट्ट मिटले. दोनदा चुकला.

धाकटीने ते पाहिलं. ओठ मिटलेले पाहिले. हातातली दाभण खाली ठेवली आणि मागच्या खोलीत गेली.

कुणी मला सांगेल का, दुखायचं कुणी? लुटली कोण गेलीय?


११ तारीख, मंगळवार

कारखानदाराचा आठवडा उद्या संपतो. मी फोन करून सांगितलं, मशीन दुसऱ्याला द्या. धाकटी ऐकत होती. मला वाटलं तिला बरं वाटेल. बरं वाटल्याचं दिसलं नाही.

जेवताना अचानक म्हणाली, "ताई, मशीन आल्यावर मी काय केलं असतं?"

मी म्हटलं, "काय केलं असतं म्हणजे? बसली असतीस आरामात."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरात."

"कुणाच्या?"

आता हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "तुला वाटलं की काय, खरंच मोडीत घालणार होते? अगं, चेष्टा होती ती."

"माहीत आहे. तुझी चेष्टाच असते."

मग ताट उचलून घासायला गेली. माझंही ताट घेऊन गेली.


१२ तारीख, बुधवार

गेली.

सकाळी उठले तर तिची गादी गुंडाळलेली. आली तेव्हा आणलेली तीच पिशवी, तिच्यात दाभणी, दोऱ्याची रिळं, अंगठ्याला घालायचं चामड्याचं टोपण. बाकी काही घेतलं नाही. दाराशी उभी होती. माझ्यासाठी थांबली होती की चपलेचा बंद लावत होती, कळलं नाही.

म्हणाली, "पुढच्या गावात एक गादीवाला आहे. हाताने टाके घालणारं माणूस हवंय त्याला. रोजाने देतो."

मी म्हटलं, "जा. बघू किती दिवस टिकतेस. तिथे काय तुझी बहीण बसलीय?"

ती म्हणाली, "तू मला एकदाही विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं?"

ती बघत राहिली. तिचे डोळे आईसारखे आहेत, हे मला पहिल्यांदाच दिसलं. मग म्हणाली, "ताई, आकडे हळू म्हणत जा. मी सांगितलं होतं तुला." आणि गेली.

मी दारात उभी राहून तिच्या चालीची नक्कल केली. कुणी बघायला नव्हतं, तरी केली. मग आत येऊन बसले. केलं सवरलं तिने, आणि निघून गेली तीच. मला टाकून. असं कुणी करतं? वैऱ्यानेही करू नये.


१३ तारीख, गुरुवार

पैसे परत आले.

सगळे. एक पैसा कमी नाही. सूनबाईने उड्या मारल्या. ती समजतेय की तिने हेल्पलाइनवर रोज भांडून पैसे सोडवले. "बघा आई, तक्रार केली की होतं! आणि आता पुन्हा फुकटचं वायफाय नको." पेढे वाटायचे बाकी ठेवलेत तिने.

मेसेज आला होता, बँकेचा. तो मी पुसला नाही.

मशीनसाठी फोन करता आला असता कारखानदाराला. केला नाही. दुकानात धाकटीची अर्धी राहिलेली गादी पडलीय, अर्ध्यात टाके, अर्धी नुसती फुगलेली. गिऱ्हाईक उद्या येईल. मी दाभण घेऊन बसले. चार टाके घातले. चौथा बोटात गेला.


१५ तारीख, शनिवार

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी म्हटलं सायबरवाला चोर असेल, जरा मजा करू. उचलून म्हटलं, "हॅलो, चोर बोलतोय का?"

पलीकडे जांभई.

"बाई, मी लॉजवरचा. मला काढून टाकलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या सूनबाईंनी लिहिलं ते वाचून गिऱ्हाईक येईना. मालक म्हणाला, ते खोटं वायफाय तूच लावलंस. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, सिद्ध कर. बाई, तुमचे पैसे परत आल्याचंही सूनबाईंनी लिहिलंय, बरं झालं. मला फक्त एक सांगा. तुम्ही आकडा असलेलं जोडलं होतं की नुसत्या नावाचं? आमचं जोडलं असेल तर माझी चूक. दुसरं असेल तर निदान मालकाला सांगता येईल."

मी म्हटलं, "आठवून सांगते."

"आठवा बाई. घरात दोन पोरं आहेत माझ्या." मग थांबून म्हणाला, "आणि एक. त्या खोलीतली गादी कुणी शिवली? तिच्यावर जो झोपतो तो सकाळी काउंटरवर येऊन विचारतो. कोपरे अजून हलले नाहीत."

फोन ठेवला.

चष्म्याची डबी उघडली. चिठ्ठी आहे तिथेच. घडी न मोडलेली.

उद्या सकाळी लॉजच्या मालकाला फोन करायचाय. मग सूनबाईला सांगायचंय, ते इंटरनेटवरचं पुसून टाक म्हणून. मग बसमध्ये बसून पुढच्या गावी जायचंय, तिथे काय बोलायचं ते काही सुचत नाही. मालकाला काय सांगायचं ते आधी इथे लिहून बघते. तोंडाने म्हणत म्हणत लिहितेय, म्हणजे हाताला कळेल. ऐकायला कुणी नाही. आता नुसती भिंत.

वायफाय मी जोडलंच नव्हतं. ना आकड्याचं, ना नुसत्या नावाचं. सूनबाईने सांगितलेलं सगळं पाळलं होतं, वायफायचं बटण घर सोडल्यापासून बंद होतं. पहिल्या मेसेजमध्ये पैसे कुणाच्या खात्यात गेले त्याचं नाव होतं. ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि मग जाणूनबुजून पुसलं. बहिणीला वाचवायला नाही. ती रडत येईल, पाय धरेल, आणि मग मी तिची अशी टर उडवीन की जन्मभर आठवेल, म्हणून.